शिंगटे हवालदारांची शिकवणी

शिंगटे हवालदार कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकीचे गज वाजवून बघायचे. खिशातून किल्ली काढायची, डावीकडून उजवीकडे प्रत्येक गजावर हलकेच मारायची, कान देऊन ऐकायचं आणि मग बसायचं. चहा त्यानंतर. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा आईला वाटलं, हा माणूस भंगार घेतो की काय. "सवय हाय, वैनी," ते ओशाळून म्हणाले. "कापलेला गज बद्द वाजतो." एकतीस वर्षं त्यांनी तुरुंगात आधी शिपाई आणि मग हवालदार म्हणून काढली होती. आता निवृत्त झालोय हे त्यांच्या हाताला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

वसईजवळच्या उमेळ्याला आमच्या चुलत आजोबांनी आपल्या वाट्याची केळीची वाडी विकली आणि तिथे चार मजली इमारत उभी राहिली. तिच्या पहिल्या मजल्यावर हे राहायला आले. मूळचे साताऱ्याकडचे, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. त्यांच्या गॅलरीखालीच आमची उरलेली वाडी होती. बाबा केळींना पाणी सोडायला लागले की ते वरून विचारायचे, "नाना, आज कुटली रांग?" बाबांना गावात सगळे नाना म्हणत. मी तेव्हा कॉलेजात होते आणि हवालदारांची नक्कल फार छान करायचे. किल्ली घेऊन आईचे डबे वाजवत घरभर फिरायचे आणि सगळे हसायचे.

ते हसणं ज्या दिवशी थांबलं त्याचं मूळ आठ वर्षं मागे होतं. नव्वदीच्या सुरुवातीला वाड्यांमध्ये चोऱ्या वाढल्या होत्या. राजेळी केळींचे तयार लोंगर, म्हणजे अख्खे घड, कापून नेत. गावात बऱ्याच जणांनी केलं तेच बाबांनीही केलं. पंपाच्या बोर्डावरून उघडी तार ओढली आणि कुंपणाला फिरवली. रात्री चालू करायची, पहाटे बंद. एका पहाटे ते बंद करायला थोडे उशिरा पोचले. बकरीसाठी गवत कापायला आलेला काशिनाथ नावाचा तरणा माणूस कुंपणापाशी मरून पडला होता. सगळेच तार लावतात, हे वाक्य त्यानंतर बाबांनी घरात कुणाला बोलू दिलं नाही. "तार माझी होती," एवढंच म्हणत. आठ वर्षांनी हायकोर्टाने अपील फेटाळलं. दोन वर्षं सक्तमजुरी, आणि वसईच्या कोर्टात हजर व्हायला चार आठवडे.

बाबा तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. रक्तदाब होता, उजवा गुडघा कामातून गेला होता. उमेळ्याबाहेर ते सलग दोन रात्री झोपल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आईने वकिलांना एकच विचारलं, "ते परत येतील ना?" वकील माफीचे दिवस धरून किती महिने होतील ते सांगू लागले. आई त्या परत येण्याबद्दल विचारत नव्हती.

तिसऱ्या दिवशी शिंगटे हवालदार आपणहून आले. गज वाजवले नाहीत. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "नाना, तयारी करावी लागंल. अडाणी मानूस आत लवकर मोडतो." त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ त्यांची शिकवणी सुरू झाली. आईला त्यांनी सांगितलं, संध्याकाळचं जेवण पाच वाजता वाढायचं, कारण तिथे तेव्हाच वाढतात. भात बंद, जाड चपाती आणि पातळ डाळ. गादी काढून घेतली. गोळ्यांची चिठ्ठी सरकारी डॉक्टरकडून घ्या आणि हजर व्हाल त्याच दिवशी कोर्टाकडून त्यावर शेरा मारून घ्या, नाहीतर गोळ्या गेटवरच राहतील, असं दोनदा बजावलं. आईने सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, बांधून द्यायचं काढलं तेव्हा ते हसले. "वैनी, ती सुकेळी गेटवरचा शिपाई खाईल. म्या खाल्ल्यात." आई पुढे दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

त्यांचं बोलणं आम्हाला पाठ झालं. "पयले आठ दिस मान खाली, कान उघडे." "कुनाची बिडीसुदिक घ्यायची न्हाई, बिडी देनारा उद्या मागायला येतो." "गुन्हा काय, असं इचारलं तर खरं सांगायचं आन् गप बसायचं." बाबा शाळेतल्यासारखे मान डोलवत. पण काही गोष्टींवर हवालदार थांबत. बाबांनी विचारलं, "मारतात का हो?" तर ते गॅलरीकडे बघून म्हणाले, "त्ये तितं कळंल." झोपायला जागा कशी मिळते, तेही तिथे कळेल. आजारी पडलं तर? तेही तिथेच. मला त्या उत्तराची भीती बसली. जे सांगत होते त्यापेक्षा न सांगितलेलं मोठं आहे, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आई रात्री बाबांच्या अंगावरून हात फिरवत बसायची, आणि आम्ही दुसरीकडे बघायचो.

कैद्यांची मोजणी करतात तिला ते गिनती म्हणायचे. गिनतीला दोघादोघांच्या जोड्या करून उकिडवं बसवतात आणि आवाज आला की झटकन उठावं लागतं. बाबांना जोडीला माणूस हवा म्हणून पडवीत त्यांच्या शेजारी मी बसायचे. उठा, बसा. उठा, बसा. मी उठायचे, बाबा भिंतीला हात लावून उठायचे. "भिंत नसती तितं," हवालदार म्हणायचे. हजर व्हायला नऊ दिवस राहिले असताना एका संध्याकाळी बाबांचा गुडघा अडकला. ते अर्धवट उठून तसेच वाकून राहिले. "ए, ऊठ की रं!" असा आवाज आला आणि बाबांच्या मानेवर फाडकन हात पडला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो आमच्या शेजाऱ्यांचा नव्हता.

बाबा हातांवर पडले. आई दारात आली, हातातली परात तिने तशीच धरून ठेवली होती. हवालदार स्वतःच्या हाताकडे बघत होते. मग अनवाणीच निघून गेले. आई म्हणाली, "त्या मानसाची सावली नको या घरात." मी त्यांच्या चपला नेऊन जिन्यावर ठेवल्या, ठेवल्या म्हणजे आपटल्याच.

ते चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी बाबाच उठले. मला म्हणाले, "चल, मला जिना चढव." दार उघडंच होतं. बाबा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "हवालदार, एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं, तिथं काय असतं. ते तुम्ही का लपवत होता?"

हवालदार भिंतीकडे बघून बोलले. "माज्या बराकीत येक मास्तर हुता. तुमच्याच वयाचा, पयलीच खेप. गिनतीला उटायला येळ लावायचा. म्या हात टाकला. लई न्हाई, परवाच्यावानीच. त्यो खाली बसला आन् मेला. कागदावर लिवलं, न्हानीत पाय घसरला. खाली सही माजी हाय." बाबांनी विचारलं, "मग?" "मग काय? रिटायर झालो. पेन्शन येती."

मी दारात उभी होते. बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता. ते म्हणाले, "मला आठ वर्षं सगळ्यांनी विचारलं, तार कोनाची. तुम्हाला कोनीच नाही विचारलं?" हवालदारांनी नाही म्हणून मान हलवली. "मग उद्यापासून परत या," बाबा म्हणाले. "पन आता काही ठेवू नका."

आईचा विरोध असतानाही ते आले, आणि उरलेल्या दिवसांत त्यांनी सगळं सांगितलं. मार पडायला लागला तर डोकं आत घ्यायचं, गुडघे पोटाशी, कुशीवर पडायचं. ओरडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. "आन् मारनाऱ्याचा हात धरायचा न्हाई. हात धरला की त्येला चेव येतो. मला यायचा." हे सगळं ते बाबांना जमिनीवर पाडून दाखवत होते, आणि दाखवताना दोघंही घामाघूम होत. आई आत भांडी घासत राहायची, तीच तीच भांडी.

हजर व्हायच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून कोर्टापर्यंत आले, पण फाटकाच्या आत आले नाहीत. भेटीच्या दिवशी मी दर वेळी विचारायचे, "काका, येता?" ते नाही म्हणायचे. मात्र बाबा नव्हते ते एकवीस महिने आमच्या केळींना त्यांनी पाणी दिलं. आईने पहिल्यांदा चहा दिला तो सहाव्या महिन्यात.

बाबा सुटून आले तेव्हा अर्धे झाले होते. आईने विचारलं, "कोनी हात लावला?" ते म्हणाले, "नाही ग." संध्याकाळी हवालदार आले. आई आत गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "उटायला कवा येळ लागला का, नाना?"

"एकदा लागला."

"डोकं आत घेतलं हुतं?"

"घेतलं. म्हनून तर आलो."

"कोन हुता ड्यूटीवर?"

"तरणा शिपाई होता. नाव नाही विचारलं. बोलनं तुमच्याकडचं वाटलं."

हवालदारांनी चहा तसाच ठेवला. पुढच्या आठवड्यात ते बाबांना म्हणाले, "मास्तराच्या गावाला जाऊन येतो. सही माजी हाय, त्ये सांगून येतो." आता शिकवायची पाळी बाबांची होती. "'पाय घसरला' म्हनू नका," बाबा त्यांना म्हणाले. "'पन' म्हनू नका. विचारलं नाही तरी सांगा." हवालदार खाली मान घालून ऐकत होते. बाबांनी त्यांच्या पिशवीत त्यांच्याही गोळ्यांची सरकारी डॉक्टरची चिठ्ठी घातली, दोन बनियन घातले. त्यांना तिथेच अटक होईल, ते परत येणार नाहीत असं धरूनच घातले.

शिंगटे हवालदार वारले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. वरच्याच फ्लॅटमध्ये, झोपेत गेले. पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते त्या प्रवासाहून परतल्यावर, आमच्या अंगणात पिशवी धरून उभे राहिलेले. मास्तरांच्या घरी कुणी उरलं नव्हतं. पोलीस ठाण्यात त्यांनी लिहून नेलेला कबुलीचा कागद कुणी घेतला नाही. इतक्या जुन्या गोष्टीचं आता काय, घरी जा आजोबा, असं सांगून त्यांना पाणी दिलं आणि बाहेर काढलं. बाबांनी त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण ते ती सोडेनात.

"नाना, तुमी सुटला," ते म्हणाले. "मला कुनी आतच घेईना."