दोन नंबरची काटछाट

कंपनीत सगळे तिला फौजदारबाई म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. संगणकाच्या सी भाषेत प्रोग्राम लिहिण्यात वीस वर्षं गेली होती, पण कुणी "चालतंय की" म्हणालं की हिच्या कपाळाला आठी पडलीच. घरीही तीच तऱ्हा. नवरा दार लावून आला तरी ही उठून कडी बघून येई.

"अगं, मी काय चोरांना सामील आहे का?" तो विचारायचा.

कंपनी इस्पितळांसाठी पंप बनवायची, शिरेत थेंब थेंब औषध सोडणारे. जुनी चिप मिळेनाशी झाली म्हणून नवी घेतली, आणि तिथेच माशी शिंकली. तोच प्रोग्राम जुन्या पंपावर गुण्यागोविंदाने चाले, नव्यावर मात्र तासा-दीड तासात कोसळे. तेही नेहमी नाही. लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवताना कंपायलर वेगासाठी त्यात काटछाट करतो. काटछाट बंद ठेवली तर नवा पंप दिवसभर चाले. एक नंबरची, म्हणजे सौम्य, केली तरी चाले. दोन नंबरची, जास्त कडक, केली की आडवा.

पहिला संशय बोर्डवाल्या इंजिनिअरांवर. चिप जिच्यावर बसते त्या पट्टीचा, नव्या बोर्डाचा, आराखडा त्यांचा. माणूस अबोल, आणि अबोल माणसांचं तिला वावडं.

"वीजपुरवठा तपासलात?"

"दोनदा."

"कागद बघू."

कागदांत काहीच खोट निघेना, तेव्हा तर तिचा संशय आणखी बळावला. इतकं स्वच्छ कुणाचं असतं? तिने साहेबांना मेल टाकली: बोर्डाबद्दल आपल्याला सगळं सांगितलं जात नाहीये असं वाटतं. दुसऱ्या दिवशी बोर्डवाल्यांनी चार नवे कोरे बोर्ड मुकाट्याने तिच्या टेबलावर आणून ठेवले. चारहींवर प्रोग्राम तसाच कोसळला.

मग तिने मोर्चा प्रोग्रामकडे वळवला. तो कुठवर पोचतो हे कळावं म्हणून मध्येच पडद्यावर एक ओळ छापायला लावली, तर पंप सुरळीत! ती ओळ काढली, पंप बंद.

"मी बघतेय म्हटलं की शहाण्यासारखं वागतंय," ती जेवताना म्हणाली.

"आम्हीही तेच करतो," नवरा म्हणाला.

तिला हसू आलं नाही. प्रोग्रामच्या बत्तीस फाइली होत्या. निम्म्यांना दोन नंबरची काटछाट, निम्म्यांना काहीच नाही. कोसळला, की त्यातल्या पुन्हा निम्म्या. असं करत तिसऱ्या दिवशी एकच फाइल उरली, नळीतला दाब मोजणारी. दाब सांगणाऱ्या तक्त्यातली कितवी ओळ वाचायची तो आकडा सेन्सरने उत्तर दिलं तरच भरला जात होता. सेन्सर गप्प राहिला तर त्या जागी आधीच्या कामाचं जे काही उरलं असेल, तेच आकडा म्हणून वापरलं जाई. एरवी तिथे योगायोगाने शून्य सापडे आणि निभावून जाई. नव्या चिपसाठीच्या दोन नंबरच्या काटछाटीत त्या आकड्याची जागा बदले, भलताच आकडा हाती येई, आणि प्रोग्राम तक्त्याबाहेर वाचायला जाऊन कोसळे. छापायच्या ओळीनेही जागाच हलत होती.

प्रोग्राममधली ही चुकीची ओळ कुणी लिहिली? दोन-तीन नावं तिच्या ओठांवर तयारच होती. कुणी कधी काय लिहिलं त्याची नोंद उघडली. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, आणि नाव तिचंच.

मग तिच्या ध्यानात आलं. हीच ओळ इस्पितळांतल्या चारशे जुन्या पंपांत होती. तिथे दरवेळी शून्यच सापडतं, हे कुणी पाहिलंय? दुसरा आकडा आला, पण तक्त्यातलाच, तर पंप न कोसळता चुकीचा दाब दाखवेल. तिने जुन्या तक्रारी काढल्या. चार वर्षांपूर्वी एका नर्सने कळवलं होतं: सेन्सरची तार हलली की पंप खोटा दाब दाखवतो. खाली शेरा होता, 'हाताळणीतली चूक.' तोही तिचाच.

तिने जुना पंप मागवला, नळी चिमट्याने दाबून ठेवली आणि तार हलवत बसली. सदतिसाव्या वेळी पडद्यावर दाब नेहमीसारखा दिसला. नळी तर बंद होती, दाब वाढलेला दिसायला हवा होता.

"जुन्यांवर कुठे काय झालंय?" साहेब म्हणाले. "नव्यात दुरुस्त करा नि मिटवा."

"काही झालं नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "जुन्यांतही चूक आहे, असं मी लेखी देते, माझ्या नावाने."

त्याच आठवड्यात इस्पितळांना पत्रं गेली, आणि दोन महिन्यांत सगळे पंप दुरुस्त झाले. पत्रं गेली त्या दिवशी नर्सला तिने स्वतः फोन केला.

"सिस्टर, तुमची तक्रार खरी होती. चूक माझी होती."

पलीकडून उत्तर आलं, "मला वाटलं, मीच वेंधळी. तेव्हापासून तो पंप लावला की दर पंधरा मिनिटांनी नळी हाताने तपासते. काही झालं नाही हो कुणाला. निदान माझ्या वॉर्डात तरी."

त्या 'निदान'ने तिची पुढे कित्येक दिवस झोप उडवली.

बोर्डवाल्यांकडे ती फोन केला त्याच दुपारी गेली. "साहेबांना मी तुमच्याबद्दल काहीबाही लिहिलं होतं. आज दुसरी मेल पाठवलीय. माफ करा."

"पहिली वाचली होती मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्हाला आणखी संशय आला असता," ते म्हणाले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बाकीच्या एकतीस फाइली कधी बघायच्या?"

त्या दोघांनी मिळून बघितल्या. तशा आणखी दोन ओळी सापडल्या. त्यातली एक तिची होती.