नाकावर घ्या, भाऊसाहेब

नरसय्याअण्णा बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कधी बघायचे नाहीत, ओठांकडे बघायचे. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मी तिथला कारकून. ही सवय मागावरच्या सगळ्यांनाच असते. चाळीस माग एकदम खडखडायला लागले की कानाचा काही उपयोग नसतो, माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. अण्णा तर चालत्या मागावर नुसता तळहात ठेवून बिघाड सांगायचे. मला ते कसब वाटायचं. होतंही.

करोनात मास्कची सक्ती आली आणि मागखातं मुकं झालं. कामगारांनी लगेच तोड काढली, मास्क हनुवटीवर आणि तोंड मोकळं. अण्णांना ते खपायचं नाही. दिसेल त्याला टोकायचे, मलाही सोडायचे नाहीत. "नाकावर घ्या, भाऊसाहेब! माझी बायको घरात विड्या वळती. तंबाकूनं छाती खराब झालीया तिची. तुमचा खोकला मी घरी न्यायचा, व्हय?" कुणी बोलायला मास्क काढला की म्हणायचे, "हातानं सांग की!" धागा तुटला, चहा आला, सगळ्यासाठी त्यांनी खुणा ठरवून दिल्या. मालक आले हे पोटावरून हात फिरवून सांगायचं. मालकांना वाटायचं, कामगार उपाशी आहेत.

एकदा वीज गेली होती. माग बंद, सगळीकडे शांत. मालकांनी अण्णांना ऑफिसात बोलावून विचारलं, कुठल्या मागाचा माल खराब निघतोय? अण्णा नुसते मास्ककडे बघत राहिले. मालकांनी पुन्हा विचारलं, मग वैतागून मास्क खाली करायला हात घातला. आदल्या दिवसापासून मालक खोकत होते. अण्णा दोन मिनिटं गप्प राहिले असते तर ओठ दिसले असते आणि वेळ निभावली असती.

"न्हाई मालक, ऱ्हाऊ द्या वरच," अण्णा म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई. लई वर्षं झाली. भाऊसाहेबांना लिहून द्यायला सांगा की."

मालक माझ्याकडे वळले. "बहिरा माणूस मागावर? उद्या हात गेला तर कोण निस्तरणार? लिही, उद्यापासून येऊ नको म्हणून."

त्या गोंगाटात कान कुणाचे चालतात, एवढं तरी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्याची लाज मला अजून वाटते. मी 'नको'चं तेवढं 'नका' केलं आणि चिठ्ठी दिली.

अण्णांची शाळा तेलुगूतली, तीही तिसरीपर्यंत. मराठी ते अक्षर अक्षर जोडून वाचायचे, आणि स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे मोठ्यानं. "उ-द्या-पा-सून... का-मा-वर... ये-ऊ... न-का." बाहेर बसलेल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं.

मग त्यांनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "बरोबर वाचलं न्हवं, भाऊसाहेब?"

मी मान डोलावली.