सुदेश हजर आहे

सुदेश पाष्टे गेला तेव्हा कळव्याच्या दोन खोल्यांत त्याची बायको रसिका, म्हातारी आई गंगुबाई आणि एक वेबसाइट मागे राहिली. वेबसाइट शिरवणेवाडीच्या ग्रामस्थ मंडळाची. वाडीतली माणसं कळवा, कल्याण, डोंबिवलीत पांगलेली. पालखीचे फोटो, लग्नाची स्थळं, कुणाच्या बाराव्याचा निरोप, सगळं तिथेच. सुदेश कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, पण ड्यूटीवरून आला की त्या वेबसाइटमध्येच डोकं घालून बसायचा.

तो गेल्यावर काही महिन्यांनी ती उघडेनाशी झाली. मंडळाचे अध्यक्ष महिपतकाका कल्याणहून मुद्दाम आले.

"रसिका, किल्ल्या तुमच्याच घरात आहेत. तूच बघ बाई आता."

रसिका बालवाडीत शिकवायची. मोबाइलपलीकडे तिला फारसं काही येत नव्हतं, पण बाई चिवट. ज्या कंपनीकडे वेबसाइट भाड्याच्या जागेत ठेवलेली, तिला फोन करकरून तिने समजून घेतलं की नावाची मुदत वेगळी वाढवायची आणि जागेचं भाडं वेगळं भरायचं. कंपनीने मृत्यूचा दाखला पाहून कारभार तिच्या नावावर केला. सुदेशचं खातं साध्या सभासदाचं झालं. ते काढून टाकायला मात्र तिचा हात धजला नाही.

वेबसाइटवर एका कडेला सभासदांची नावं दिसत. जो त्या वेळी आत असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आणि 'हजर' हा शब्द. एका दुपारी मुलांना खिचडी वाढून झाल्यावर रसिकाने सहज फोन उघडला.

सुदेश हजर होता.

घरी येऊन तिने कपाटातून त्याचा फोन काढला. बंद. बटण दाबून पाहिलं, काळ्या काचेत तिचाच चेहरा. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ठिपका. मग रोजच. आठवड्याने पालखीच्या फोटोखाली त्याच्या नावाने एक ओळ आली, 'छान आहे.' ती कुणाला काही बोलली नाही. भीती वाटत होती, हे खरं. पण दुपार झाली की तिचे डोळे तो ठिपका शोधत, हेही तितकंच खरं.

मग तिलाच निरोप आला.

'रसिका, आहेस का?'

बालवाडीच्या पायरीवर बसून तिने लिहिलं, 'आहे.'

'मला आत येता येत नाही. दार बंद झालं आहे.'

कारभार आपण आपल्याकडे घेतला, त्याला बाहेर काढलं, म्हणून तो असा ताटकळलाय, असं काहीबाही मनात आलं. अंगठा अक्षरांवर गेलासुद्धा. तेवढ्यात पुढची ओळ उमटली.

'कृपया तुमचा पासवर्ड मला पाठवाल का?'

ती थबकली. सुदेश जन्मात तिला 'तुम्ही' म्हणाला नव्हता. नावानेसुद्धा हाक नाही, कायम 'अगो'. हा जो कोण होता, त्याला तिचं नाव ठाऊक होतं, ती ठाऊक नव्हती.

तिने महिपतकाकांच्या सुनेला, ऋजुताला फोन लावला. ती बाळकुमला राहायची, बँकेत कॉम्प्युटरचं काम बघायची. रविवारी लॅपटॉप घेऊन आली.

"काकू, सुदेशकाका सगळीकडे एकच पासवर्ड वापरत असणार. दुसऱ्या कुठल्या तरी वेबसाइटवरून तो फुटला, आणि कुणीतरी इथे लावून बघितला. मराठी मशीनकडून लिहून घेतलंय. त्यांना वेबसाइट चालवायचे तुमचे हक्क हवे होते."

तिने आधी सगळ्यांनाच एकदम बाहेर काढलं, म्हणजे प्रत्येकाला नवा पासवर्ड घ्यावा लागेल. वेबसाइटचं जुनाट झालेलं सॉफ्टवेअर नवं केलं, सगळ्याची एक प्रत वेगळीकडे ठेवली. यापुढे पासवर्डनंतर फोनवर येणारा आकडाही विचारला जाईल, अशी सोय केली. गंगुबाईच्या फोनवर नवा पासवर्डही तिनेच घालून दिला.

"आता काकांच्या खात्यातून काय काय केलंय ते बघू. पासवर्ड बदललाय. तुम्ही जा आत."

रसिकाने नवऱ्याचं नाव लिहिलं आणि आत गेली.

त्याच क्षणी आतल्या खोलीतून गंगुबाईची हाक आली.

"आला गो! सुदेश आला!"

गंगुबाई सुदेशच्या नावापुढे ठिपका लागलेला फोन छातीशी धरून दारात उभी होती. सुदेशनेच तिला त्यावर बोलून लिहायला शिकवलेलं. रसिकाने निरोप उघडले. आईशी बोलणं कितीतरी लांब होतं. 'जेवलास काय?' 'हो.' 'थंडी वाजते काय रे तिथे?' 'थोडी.' मधूनच त्याचे प्रश्न. घरात कोण कोण आहे, सून कामावर कधी जाते. म्हातारीने सगळं सांगितलेलं.

रसिकाने तिला खाटेवर बसवून हळूहळू समजावलं. गंगुबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग जेवलो म्हणायचा तो कोण?"

"माहीत नाही, आई."

"मी त्याला विचारलेलं, दुखलं काय रे फार? नाही म्हणाला." तिने पदराने डोळे पुसले. "कोण का असेना. तेवढं बरं बोलला."

खातं काढायलाच हवं असं नाही, कुलूप लावलं तरी पुरे, असं ऋजुता म्हणाली. तसंच केलं. त्याच्या फोटोंखाली त्याचं नाव राहिलं. ठिपका पुन्हा लागला नाही. मंडळाच्या सभेत रसिकाने उभं राहून सगळ्यांना बजावलं, पासवर्ड कुणी मागितला तर देऊ नका, माणूस कितीही ओळखीचा वाटो.

तो जो कोण होता, तो कधीच सापडला नाही. पण अजूनही रसिकाच्या फोनवर सूचना येते: सुदेश या नावाने आत येण्याचा प्रयत्न झाला, पासवर्ड चुकला. कधी सकाळी चहा गाळताना, कधी भर वर्गात. ती वाचते आणि पुसून टाकते. घरी असली की गंगुबाई तिच्या तोंडाकडे बघते आणि विचारते, "आज पण आलेला काय गो?"