ओढ्याकाठची मिर्ती

पडदा वर जावा तसं धुकं वर गेलं आणि बीच झाडांच्या रानात मिर्ती दिसली. आर्देन जातीची, ओझी ओढणारी घोडी ती! मान उखळासारखी, खुरांवर केसांचे झुबके, पाठीतून वाफा निघतायत. शेजारी हातात एकच दोर धरून ओदिल. साठी उलटलेली, बुटकी, ताठ.

तिचा बाप, आजा, सगळे या रानातले ओंडके घोड्यांनी ओढणारे. मग यंत्रं आली आणि गावातली घोडी एकामागून एक खाटकाकडे गेली. लोक हसले, तरी ओदिलने आपली राखली. आता वारं फिरलं होतं. यंत्राच्या चाकांखाली ओढ्याकाठची माती दगड होते, रोपं मरतात. म्हणून वनखातं पुन्हा घोडी शोधत होतं. आज परीक्षा होती. खाली ओढ्याकाठी पडलेला ओकचा ओंडका वर आला, तर ओढ्याकाठचं सगळं काम ओदिलचं. नाही आला, तर मिर्तीही विकावी लागणार.

“वहिनी, घोडीला माझ्या यंत्रावर बसव, दोघी आरामात वर या!” तिचा दीर गास्पार ओरडला. वर वाटेतच उभं असलेलं यंत्र त्याचंच.

“मागल्या हिवाळ्यात ते चिखलात बसलं होतं, भाऊजी. उठवायला कोण आलं होतं?”

जमलेले लोक खो खो हसले.

“चल गं बाई,” ओदिल म्हणाली. साखळी ताणली. मिर्ती पुढे झुकली आणि ओंडका हलला. निम्मा चढ झाला अन् गास्पारला राहवेना. घोड्यांमागे वाढलेला गडी, यंत्र विसरून बोंबलला, “हार! हार!”

हार म्हणजे डावीकडे. गुणी मिर्ती वळली आणि ओंडका एका खुंटाला अडकला. आता एक हिसका बसला, की साखळी तुटून सगळं ओढ्यात.

“गप्प!” ओदिल कडाडली. “घोडीपाशी एकच तोंड बोलतं. मामंजींनी शिकवलं नव्हतं तुम्हाला?”

तिने मिर्तीला दम खाऊ दिला. मग कानात गुज सांगावं तशी म्हणाली, “एक पाऊल मागं, राणी. हां. आता हॉट... हॉट...”

घोडी मागे आली, साखळी सैल पडली. मग हॉटच्या हुकमावर ती उजवीकडे वळली, ओंडका खुंटावरून सुटला आणि मिर्तीने तो एका दमात वर आणला. वाटेतलं एक रोप मोडलं नाही. असा टाळ्यांचा कडकडाट कुठल्या नाट्यगृहानेही ऐकला नसेल!

वनाधिकारी लांबेर यांनी टोपी काढली. “बाई, काम तुमचं. सगळा ओढा तुमचा.”

गास्पार बाहीने डोळे पुसत होता.

“रडणं नंतर, भाऊजी,” ओदिल म्हणाली. “आधी ते यंत्र वाटेतून काढा. माझ्या घोडीला दुसरा ओंडका आणायचाय.”