मामेसासऱ्यांचा डोझर

परमेश्वराने पृथ्वी ओबडधोबड निर्माण केली ती केवळ आमच्या मामेसासऱ्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून. हे माझं मत नव्हे, त्यांचं आहे, आणि ते खोडून काढण्याची धायरीत कुणाची छाती नाही. तिथे आज जेवढ्या म्हणून इमारती उभ्या आहेत, त्यांतल्या निम्म्यांखालची जमीन मामांनी आपल्या पिवळ्या डोझरने सपाट केलेली. त्यामुळे कुणाच्याही वास्तुशांतीला गेले की हातात जिलबी धरून ते त्या जमिनीची कुंडली सांगू लागतात. माझ्या एका मित्राने टेकडी दिसणारा फ्लॅट घेतला. जेवणं झाल्यावर आम्ही सगळे बाल्कनीत उभे राहून टेकडी शोधत होतो. मामा शांतपणे म्हणाले, "दिसंल कशी? आपण उभे हाय तिथंच होती. म्याच काढली." मित्र अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतो.

हा डोझर वयाने मामांहून थोडाच लहान असावा आणि स्वभावाने त्यांच्याहून हट्टी. तो सकाळी सुरू होत नसे. इतर लोक अशा वेळी लाथ मारतात, बॅटरीला शिव्या देतात, थेट पंप खोलायला बसतात. मामांना हा अडाणीपणा वाटे. बंद पडलेली वस्तू म्हणजे उपाशी वस्तू, आणि तिचा घास तोंडापासून पोटापर्यंत नेमका कुठे अडकला ते क्रमाने शोधायचं, हे त्यांचं तत्त्वज्ञान. "टाकीपास्नं सुरू करायचं," ते म्हणत. आधी झाकण, मग टाकीतलं डिझेल, मग तळाचं पाणी, मग नळी, मग फिल्टर, आणि सगळ्यात शेवटी पंप. पान वाढताना जसा मिठापासून क्रम चुकवत नाहीत, तसंच. तळाचं डिझेल ते मामींच्या लोणच्याच्या बरणीत काढून उन्हात ठेवत आणि पाणी खाली बसेपर्यंत समोर मांडी घालून बसत. मामी दारातून म्हणायच्या, "डिझेलात थेंबभर पाणी असलं तर ह्यांना दिसतं. आमटीत मीठ न्हाई, ते दोन दिवस कळत न्हाई!" मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून मामा हातपंप मारायला लागत. नळीत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडे, आणि शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत आजूबाजूला कुणी बोलायचं नाही असा नियम होता. मी एकदा शिंकलो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची शिंक गिळली.

हे तत्त्वज्ञान ते यंत्रांपुरतं ठेवत नसत. एकदा आमची बायको माझ्याशी चार दिवस बोलत नव्हती. मी हवालदिल होऊन मामांकडे गेलो. म्हणाले, "बसा. रविवार सकाळपास्नं सांगा. मधलं गाळायचं न्हाई." मी सांगू लागलो. चहा झाला, पेपर झाला, तिने नवी साडी दाखवली, मी बरी आहे म्हणालो...

"थांबा," मामांनी हात वर केला. "हितं कचरा हाय."

होता.

मागल्या वर्षी दसऱ्यानंतर महिन्याभरात मामी गेल्या. त्यानंतर डोझर हलला नाही आणि मामाही फारसे हलले नाहीत. यंदा पावसाळ्याआधी ज्या मोकळ्या प्लॉटवर तो उभा होता तिथे बांधकाम निघालं. बिल्डरने निरोप धाडला की शुक्रवारी भंगारवाला गॅसकटर घेऊन येईल. मामांनी धावपळ करून भोरकडचा एक ठेकेदार गाठला. त्याला शेतांच्या बांधांच्या कामासाठी जुना डोझर हवा होता, पण चालता. "बंद मशीन नेऊन मी काय आरती करू?" तो म्हणाला. मंगळवार होता. म्हणजे तीन दिवसांत डोझर एक तर स्वतःच्या पायांनी ट्रेलरवर चढणार होता, नाहीतर तुकड्यांनी.

मी रजा टाकून गेलो, मदतीला म्हणून, खरं तर तमाशा बघायला. नव्या बॅटऱ्या जोडल्या. डोझर खोकला, पांढरा धूर ओकला आणि चक्क सुरू झाला. पाच मिनिटांनी दम लागल्यासारखा धापा टाकत बंद पडला. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा बंद. मामांनी फिल्टर बदलला. नळी फुंकून बघितली. हवा काढली. बुधवारी पंप खोलला. गुरुवारी तोच पंप पुन्हा खोलला. मी उलट्या घमेल्यावर बसून बघत होतो, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मामांनी सुरुवात फिल्टरपासून केली आहे.

"मामा, टाकी बघितलीत?"

"बघितली."

"कधी?"

"जावईबापू, तुम्ही चहा आणता का जरा?"

मी चहा आणला नाही. डोझरवर चढलो. टाकीच्या झाकणावर हळदीकुंकवाचा बोटभर जाड थर होता, तेलाने भिजून दगड झालेला, वर दोन-चार अक्षता चिकटलेल्या. दर खंडेनवमीला मामी यंत्राची पूजा करत, आणि कुंकू पुढच्या पात्याला नव्हे, टाकीच्या झाकणाला लावत. "खातो तिथनं, मग तोंड तेच," असं त्यांचं म्हणणं. त्या झाकणाला एक बारीक भोक असतं. डिझेल खाली गेलं की तेवढी हवा त्यातून आत यायला हवी. ती आली नाही, तर टाकी डिझेल सोडत नाही. भोक पार बुजलं होतं. मी झाकण जरा फिरवलं, तर टाकीने सुस्स करून मोठा श्वास घेतला.

मामा खाली उभे होते. "दरसाल दुसऱ्या दिवशी तार घालून मोकळं करायचो," ते म्हणाले. "तिला कळू न देता. मागल्या खेपेला राहिलं. मग ती गेली. मग हात लावावासा वाटंना."

"झाकण सैल ठेवून चालवू या की," मी म्हणालो.

"धूळ जाईल आत. असं अर्धवट कसं द्यायचं कुणाला?"

ते वर आले. खिशातून तार काढली आणि सुईत दोरा ओवावा तशा बेताने मधोमध एक भोक पाडलं. बाकीच्या थराला धक्का लागू दिला नाही. डोझर सुरू झाला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. मी इकडे तिकडे नाचत होतो. मामा घड्याळाकडेही बघत नव्हते.

शुक्रवारी सकाळी भंगारवाल्याच्या आधी ठेकेदार पोहोचला. मामांनी स्वतः डोझर ट्रेलरवर चढवला आणि उतरण्याआधी झाकणाच्या भोकातून एकदा तार फिरवली. ठेकेदाराने सवयीने फडकं घेतलं आणि झाकण पुसायला हात घातला.

"ते राहू द्या," मामा म्हणाले.

ठेकेदाराने एकदा झाकणाकडे, एकदा मामांकडे पाहिलं आणि फडकं खांद्यावर टाकलं. "राहू द्या की. दसऱ्याला आमची मंडळी लावतीलच त्याच्यावर."

"लावू द्या," मामा म्हणाले. "पण दुसऱ्या दिवशी तार फिरवा. आन् त्यांना सांगू नका."

ट्रेलर रस्त्याला लागला. आम्ही घरी आलो. मी चहा केला, बशीत ओतून त्यांच्यापुढे सरकवला. काम झालं की मामा आधी साबण घासून हात धुतात, मग चहाला शिवतात. त्या दिवशी त्यांच्या नखांत लाल कुंकू अडकलं होतं, आणि चहा गार होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.