थोडा बाहेर राहणारा पेनड्राइव

आमच्या घरात यंत्र बिघडलं की ते मीच बघतो, म्हणून बिघाड जरा जास्त दिवस टिकतो.

जवाहरनगरच्या फॅक्टरीत मी जन्मभर तपासणी विभागात होतो. दुसऱ्याच्या कामातला केसाएवढा दोष मला दिसायचा. (भाजीत मीठ कमी असल्याचाही दिसायचा, पण तो नोंदवायची हिंमत झाली नाही.) रिटायर होऊन भंडाऱ्यात घर बांधलं, तरी विश्वकर्मा पूजा सोडली नाही. पंखा, मिक्सर, स्कूटर, लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू, फूल, अक्षता.

यंदा पूजेनंतर आठवड्याभरात लॅपटॉप सुरू होता होता अर्ध्यावरच अडकून बसू लागला. त्यात बायकोची ठेव होती. बपेऱ्याच्या माझ्या सासूबाईंनी सांगितलेली धानाच्या रोवण्याची गाणी हिने दोन उन्हाळे बसून टाइप केली होती. दुसरी प्रत नव्हती. सासूबाईंना तर आता लेकीचं नावही आठवत नाही. मला खरंच भीती वाटली.

पुण्याच्या मुलाने लिनक्स भरलेला पेनड्राइव पाठवला. "यातून लॅपटॉप सुरू करा, फायली निघतील," म्हणाला. मी लावला. स्क्रीनवर आलं, सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. मुलाला फोन केला.

"बाबा, बूट ऑर्डर बदलली का?"

"चार वेळा."

"सिक्युअर बूट बंद केलं?"

"केलं. त्याच्याखाली जे जे होतं, तेही केलं."

"ते काहून केलं?" मग त्याने विचारलं, "पेनड्राइव नीट बसला ना?"

"बसला."

थोडा बाहेर राहत होता, पण लिनक्सचा तसाच असेल असं मी ठरवून टाकलं. (लॅपटॉपला पेनड्राइवसाठी दुसरंही भोक आहे. ते मागच्या वर्षी मी दुरुस्त केलं, तेव्हापासून बंद आहे.)

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी ही चष्मा लावून, सुई घेऊन आली.

"सरका वो बाजूले."

"अगं, हे बायोसचं काम आहे."

"भोकात काहीतरी अडकून राहिलं, दिसून नाही राहिलं का तुमाले?"

सुईच्या टोकाने कुंकवात लाल झालेला तांदळाचा दाणा बाहेर आला. हिने तो तळहातावर घेऊन निरखला.

"हा तं चिन्नोर आहे. पाहुण्यांसाठी ठेवलेला वासाचा तांदूळ. तुमी तं म्हणत होते, डबा उंदरानं उघडला."

"अक्षता अखंड लागते न," मी म्हणालो. "कणी नाही चालत."

पेनड्राइव आत गेला, दिवा लागला, गाणी निघाली. हिने लगेच बपेऱ्याला फोन लावून पहिली ओळ वाचली. पलीकडून सासूबाईंनी पुढची ओळ म्हटली. मग विचारलं, "कोन बोलून राहिली वो बाई?" ही हसली, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसली.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "आई, काय झालं होतं?"

"काही नाही. तुझ्या बाबानं लॅपटॉपले जेवू घातलं होतं."

आता घरातल्या यंत्रांना मी चार पावलं लांबून नमस्कार करतो. नंतर ही माझ्या मुठी उघडून बघते. तपासणी विभाग आता तिच्याकडे आहे.