आधी मावशीचं नाव

मला काळजी करायला कारण लागत नाही. जव्हारहून दाभोशाला कामावर जाताना जीप घाटात जरा हळू झाली तरी मी देवाचं नाव घ्यायला लागते. नवरा म्हणतो, तुला काळजीचाच पगार मिळाला असता तर आपण बंगला बांधला असता. त्याला हसायला काय जातं! पण त्या वर्षीची माझी काळजी उगाच नव्हती, हे त्यालाही नंतर मान्य करावं लागलं.

आमचं रिसॉर्ट नावालाच रिसॉर्ट. मोजक्या खोल्या, जेवायला पत्र्याचा मांडव आणि मागे चुलीचं स्वयंपाकघर. पावसाळ्यात धबधबा बघायला मुंबई-ठाण्याचे लोक येतात, तेव्हा दम खायला फुरसत नसते. मी तिथली मॅनेजर, म्हणजे बुकिंग घेण्यापासून तुंबलेली मोरी साफ करून घेण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. चहा-जेवण वाढायला मोखाड्यापलीकडच्या पोशेऱ्याचा एक उंच, भरघोस मिशांचा माणूस होता. खोल्या आवरायला जवळच्याच पाड्यातल्या दोन जावा यायच्या. बागेचं आणि फाटकाचं एक म्हातारबा बघायचे. स्वयंपाक मावशीचा.

मावशीचे गुडघे गेले होते. नवरा नाही, मुलगा-सून नाहीत. एक नात आश्रमशाळेत, ती सुट्टीला येणार ती हिच्याकडेच. मावशी दिवसभर चुलीपुढे बसून नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकऱ्या थापायची, आणि मांडवात पाऊल म्हणून टाकायची नाही. पाहुण्यांना भाकरी दिसायची, मावशी दिसायची नाही.

शेठ नाशिकला राहतात. माणूस वाईट नाही. वादळात मिशीवाल्याच्या घराचे पत्रे उडाले तेव्हा न मागता नवे पाठवले होते. पण कुठल्या तरी मोठ्या हॉटेलात ते राहून आले आणि तिथलं एक खूळ डोक्यात घेऊन आले. पावसाळ्याच्या तोंडावर येऊन त्यांनी फाटकाजवळ पाटी लावली. आमची सेवा आवडली का, मोबाईलवर रिव्ह्यू लिहा, आणि ज्याने सेवा केली त्या कर्मचाऱ्याचं नावही लिहा. नाव लिहिणाऱ्या पाहुण्याला पुढच्या वेळी सवलत. ज्याचं नाव येईल त्याला बक्षीस, आणि दिवाळीपर्यंत ज्याची नावं सगळ्यांत जास्त त्याला मिक्सर. आमच्या पाड्यांत वीज येते ती पाहुण्यासारखी, मिक्सर लावणार कुठे, हे मी विचारलं नाही. शेठ फार खुशीत होते.

मग खुशीतच त्यांनी शेपूट जोडलं. दिवाळीनंतर गिऱ्हाईक रोडावतं, सगळ्यांना ठेवणं जमत नाही. तेव्हा ज्यांची नावं येतील ते राहतील, बाकीच्यांनी पुढच्या पावसाळ्यात यावं. सगळ्यांनी मान डोलावली. आमच्याकडे मान सगळ्यालाच डोलावतात.

काम नसलेली माणसं दिवाळीनंतर काय करतात हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. जगायला जातात. भिवंडीकडे, वसईकडे, वीटभट्टीवर. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं, सगळं टेम्पोत घालून. मावशी कुठे जाणार होती? तिला चुलीपासून उठायला भिंतीचा आधार लागायचा. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणि मग जुलैपासून नावं यायला लागली. सगळी मावशीची.

आधी मी हरखले. वाटलं, शहरातल्या लोकांना कळतं म्हणायचं. नागलीची भाकरी, शेवळाची रानभाजी, पाट्यावरचा ठेचा, आणि शेवटी मावशीचं पूर्ण नाव, आडनावासकट. शेठ फोनवर म्हणायचे, बघा, माणसाची किंमत कशी बाहेर येते. मीही हो म्हणायचे. पण आनंद माझ्याकडे फार दिवस टिकत नाही. बागेचं कौतुक लिहिलेलं असायचं, तिथेही मावशीचंच नाव. चादरी स्वच्छ होत्या, पुन्हा मावशी. पाहुणे घाईत काहीतरी लिहीत असतील, अशी मी मनाची समजूत घालत राहिले.

सप्टेंबरमध्ये ठाण्याचं एक कुटुंब दुसऱ्यांदा आलं. गृहस्थ गाडीतून उतरले आणि मावशीचं नाव घेऊन म्हणाले, त्यांना बोलवा, आम्ही खास त्यांच्यासाठी आलोय. माझा ऊर भरून आला. मी मागे जाऊन मावशीला हाताला धरून घेऊन आले. ती पदराला पीठ पुसत उभी राहिली. गृहस्थ तिच्या मागे बघायला लागले.

“या नव्हेत हो,” ते म्हणाले. “ते उंचसे. मिशा आहेत त्यांना.”

 बायकोने त्यांना कोपराने ढोसलं, अहो, बाईचं नाव आहे ते. ते म्हणाले, असेना, त्यांनी स्वतः सांगितलं मला. मावशी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “तो बाजाराला गेलाय,” आणि गुडघे सांभाळत परत चुलीकडे गेली. तो बाजाराला गेला नव्हता. मांडवात टेबलं पुसत होता, आणि तिथून त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

दुपारी मी त्याला फाटकाजवळच्या जांभळाखाली गाठलं. मोबाईलची रेंज आमच्याकडे तेवढ्याच झाडाखाली येते, म्हणून पाहुणे निघताना तिथेच थांबून रिव्ह्यू लिहायचे. हा त्यांच्या बॅगा धरून बाजूला उभा असायचा. नाव काय लिहू, असं विचारलं की मावशीचं नाव सांगायचा. जावा तेच करायच्या. म्हातारबासुद्धा. सगळ्यांचं आधीच ठरलं होतं, फक्त मावशीला आणि मला ठाऊक नव्हतं.

असं का केलंत, म्हणून विचारलं तर त्याला माझा प्रश्नच कळेना. त्यांच्या पाड्यात लावणीला एकमेकांच्या शेतात सगळे जातात, आणि ज्या घरात कुणी करतं-सवरतं नाही त्याचं भाताचं खाचर आधी लावतात. ते लावून झालं की मग बाकीच्यांची.

“तिचा पयला भरू दे, मंग आमचा,” तो म्हणाला.

“आणि तिचं भरलं हे कळणार कसं?” मी विचारलं.

 खाचर लावून झालं की डोळ्यांना दिसतं. नावं किती झाली म्हणजे पुरे, हे शेठनी सांगितलंच नव्हतं. कमी पडायला नको म्हणून हे बिचारे घालतच राहिले, घालतच राहिले. आता मावशीचं खाचर भरून वाहत होतं, आणि बाकी चौघांच्या नावाने एक काडी लागली नव्हती. शेठच्या हिशेबाने ते चौघे जण रिसॉर्टवर नव्हतेच.

मला त्याचा राग आला, शेठचा आला, आणि त्या पाटीचा तर इतका आला की उपटून ओढ्यात फेकावीशी वाटली. सगळ्यांना बसवून मी सांगितलं, आजपासून ज्याने त्याने स्वतःचं नाव सांगायचं. धाकटी जाऊ तोंडाला पदर लावून हसत सुटली. आपणच आपलं नाव कसं घ्यायचं, माझं भलं लिहा म्हणून? मावशीसाठी मागताना लाज वाटत नव्हती, स्वतःसाठी जीभच वळेना. मी मिशीवाल्यावर नजर ठेवली. पाहुणीने विचारलं, दादा, नाव काय तुमचं? तो बॅग या हातातून त्या हातात घेत, जांभळाकडे बघत, शेवटी मावशीचंच नाव सांगून मोकळा झाला.

पाऊस ओसरला. बुकिंगं कमी झाली. रोज सकाळी कामाला येताना भट्टीवाल्या मुकादमाची गाडी या पाड्यात दिसली, त्या पाड्यात दिसली, असं कानावर यायचं. मुकादम दिवाळीआधी उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, वाटतो. एकदा ती घेतली की माणूस बांधला गेला. शेठला खरं सांगावं तर ते मावशीची नावं खोटी म्हणतील आणि तिलाच काढतील. न सांगावं तर बाकीचे जातील. मी फोन हातात घ्यायचे, जांभळाखाली जायचे आणि परत यायचे. एकदा लावलाच, तर ते कुणाच्या तरी साखरपुड्यात होते. दिवाळीला येतोच आहे, तेव्हा बोलू, म्हणाले.  घरी मी भाजीत दोनदा मीठ घालायला लागले.

शेठ आले ते मिक्सर घेऊनच. मावशीचा फोटो काढून काउंटरमागे लावला. मावशी फोटोत अशी उभी आहे की जणू पोलिसांनी पकडून आणलंय. मिशीवाला सणासाठी आदल्याच दिवशी पोशेऱ्याला घरी गेला होता. शेठ म्हणाले, मावशी राहतील, बाकीच्यांना मी सांगतो. आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं.  लावणीचं सांगितलं, खाचराचं सांगितलं, ठाण्याच्या गृहस्थांचं सांगितलं. मावशीला काढायचं असेल तर मलाही काढा, हेही म्हणून बसले. ते ठरवलेलं नव्हतं.

शेठ जांभळाखाली जाऊन फोनवर सगळे रिव्ह्यू पुन्हा वाचून आले. मग हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “म्हणजे ही सगळी नावं सगळ्यांचीच,” ते म्हणाले. “राहू द्या हो सगळ्यांना. बघू काय व्हायचं ते.”

इतकं सोपं होतं. मी महिनाभर झोपले नव्हते.

मिशीवाल्याचा फोन लागेना. मी तशीच निघाले. जव्हारला जीप बदलली, मोखाड्याला बदलली, आणि उन्हं उतरायच्या आत पोशेऱ्याच्या त्याच्या पाड्यावर पोचले. अंगणात भांडी साडीत बांधून ठेवलेली होती. बाजूला डालग्यात कोंबड्या.  मुकादम आदल्या संध्याकाळीच येऊन गेला होता. उचल घेऊन झाली होती, त्यातून दिवाळीचे कपडेही आले होते, आणि सण झाला की टेम्पो येणार होता.

त्याने मला खाटेवर बसवलं, बायकोने कोरा चहा दिला. मी सांगितलं की शेठनी सगळ्यांना ठेवलंय. ती गाठ मारत होती, तिचे हात थांबले. नवऱ्याकडे बघितलं. मग तिने गाठ पुरी केली. आता मागे फिरता येणार नव्हतं, हे त्या दोघांना माझ्याआधी समजलं होतं.

“मावशीचा पक्का झाला ना?” त्याने विचारलं.

“झाला.”

“मंग झाला,” तो म्हणाला, आणि मोखाड्याची शेवटची जीप चुकेल म्हणून मला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

जीपमध्ये मी रडले. शेजारच्या बाईने काही न विचारता मला खिडकीकडे सरकायला जागा दिली. मला एक दिवस आधी बोलता आलं असतं, शेठना एक दिवस आधी येता आलं असतं, असंच डोक्यात फिरत राहिलं. पण नाही जमलं.

दिवाळीनंतर चहा द्यायला माणूस नव्हता. जावा खोल्यांत, म्हातारबा फाटकावर. एका सकाळी बघते तो मावशी स्वतः किटली घेऊन भिंत धरत धरत मांडवात आलेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पाहुणे अगं आजी, अगं आजी करत तिच्याभोवती जमले. निघताना त्यांच्यातली एक मुलगी तिला जांभळाखाली घेऊन गेली, आणि मोबाईल काढून काहीतरी विचारू लागली. मावशीने किटली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि सावकाश, नीट सांगितलं.

संध्याकाळी मी जांभळाखाली होते तेव्हा शेठचा फोन आला. आजचा रिव्ह्यू वाचून ते गोंधळले होते. चहा फार छान, देणारी माणसं प्रेमळ, आणि पुढे मिशीवाल्याचं नाव, आडनावासकट.

“अहो, तो तर भट्टीवर गेला ना?” शेठ म्हणाले. “मग आज चहा कुणी दिला?”

स्वयंपाकघरातून चुलीचा धूर येत होता. मावशी मांडवाच्या कडेला उद्याच्या भाकऱ्यांसाठी नागली निवडत बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

“त्यानेच दिला,” मी म्हणाले.